पाळीचं जाळं

"वाळलं म्हण," मुकादम तिसऱ्यांदा म्हणाला.

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. जाळ्याची एक गाठ दोन बोटांत धरली, दाढेखाली घातली नि चावली. कोरडी गाठ दाढेखाली वाळक्या काडीसारखी कडक लागते. ही लिबलिबली, जिभेवर खारट पाणी उतरलं. ती बाजूला थुंकली.

"ओलं आहे."

"वरून कोरडं आहे की."

"वरून तर तुम्हीही सज्जन दिसता."

नऊ दिवस ऊन असं पडलंच नव्हतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही. आभाळातून नुसतं बारीक धुकट पाणी गळत होतं. चुलीजवळच्या वाटीतलं मीठ पाझरलं होतं, अंथरुणांना वास सुटला होता, आणि दोघातिघांना न उचलवणारं ते जाळं परड्यातल्या बांबूंवर मेल्या जनावराच्या कातड्यासारखं लोंबत होतं. धागा वाऱ्यानं सुकतो. गाठ सुकत नाही. गाठीच्या पोटात पाणी दडून बसतं, आणि त्या पाण्यात आणखी काय दडून बसतं तेच तर सांगायचं आहे.

खाडीत आठ घरांचे आठ पिंजरे होते. पिंजरा म्हणजे पाण्यावर तरंगणारं जाड नळ्यांचं कडं आणि त्याला खाली सोडलेलं पिशवीसारखं जाळं. त्या पिशवीत बोटाएवढे मासे सोडायचे, वर्षभर चारा टाकायचा, हातभर झाले की विकायचे. पिंजरे आठ, पण जाळी नऊ. नववं कुणा एकाचं नव्हतं, पाळीचं होतं. पाण्यात राहून जाळ्यावर शेवाळ चढतं, शिंपले बसतात, भोकं बुजतात आणि आतल्या माशांचा जीव कोंडतो. मग ज्याचं जाळं बुजलं त्यानं पाळीचं जाळं लावायचं आणि आपलं काढून थोरलीच्या परड्यात आणून टाकायचं. ती ते बडवून धुणार, फाटकं शिवणार, वाळवणार. वाळलं की तेच पुढच्याच्या पाळीचं. असं एकामागून एक जाळं सगळ्या खाडीत फिरायचं. तिनं गाठ चावून "वाळलं" म्हटल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नसे. आठ वर्षं तिच्या दातांवर आठ घरं चालली होती.

आणखी एक नियम होता. माशांना काही लागलं असेल तर धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगायचं, आणि त्या घरचं जाळं सात कडक उन्हं खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा नियम कुणी केला होता? याच मुकादमानं. धक्क्यावर उभा राहून, छाती काढून. पिंजऱ्यांचा कारभार बघायला लोकांनी त्याला निवडलं होतं, ते असल्याच बोलण्यावर.

आता परड्यात लोंबत होतं ते त्याच्याच पिंजऱ्यातून निघालेलं जाळं. आणि त्याच्या माशांना चिकट्या लागल्या होत्या.

चिकटी म्हणजे समुद्रातली गोचीडच. मसुरीच्या डाळीएवढी, चपटी, काचेसारखी आरपार. माशाच्या अंगावर बसली की दिसत नाही, कारण ती माशाच्याच रंगाची होऊन बसते. कातडी खाते, मग डोळ्यावर चढते. मासा अंग घासायला लागतो, घासून घासून लाल होतो, डोळ्यात दूध सांडल्यासारखा पडदा येतो. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून मरतो. चिकट्यांना खारं पाणी लागतं. मासा गोड्या पाण्यात धरला की पाचेक मिनिटांत त्या पांढऱ्या पडतात नि गळतात. पण तोवर त्यांनी अंडी घातलेली असतात. अंड्याला केसासारखं शेपूट असतं, ते जाळ्याच्या गाठीत गुंततं. गाठ ओली तोवर ते जिवंत राहतं, खाऱ्या पाण्यात पडलं की आठवड्यात फुटतं.

सोळा दिवसांपूर्वी एका पहाटे मुकादमानं बायकोला घेऊन होडी काढली होती. होडीत ताडपत्री नि पिण्याच्या पाण्याची टाकी. वाटेत भेटणाऱ्यांना तो सांगत होता, मासे निवडायचेत, लहानमोठे वेगळे करायचेत. ताडपत्रीच्या हौदात गोडं पाणी भरून त्यांनी मासे बुडवून काढले. आठवडाभर लागला सगळे आटपायला. पहिल्या दिवशी काम झाल्यावर हौदाच्या तळाशी थोरलीनं हात घातला, तर ओंजळभर पांढरा भुसा वर आला. जसा तांदूळ धुतल्यावर वर येतो तसा. त्यातलं एक टरफल तिच्या तळहातावर हललं.

शेवटच्या दिवशी त्यांनी पाळीचं कोरडं जाळं लावलं आणि आपलं काढून आणलं. कुणाला काही सांगितलं नाही. व्यापारी मासे बघायला येणार होता, त्याला आता चारच दिवस उरले होते. खाडीत चिकट्या आहेत असं त्याच्या कानावर गेलं असतं, तर त्यानं गाडी आल्या रस्त्यानं वळवली असती.

"आता पाळी कुणाची?" मुकादम विचारत होता. विचारत कसला, तिच्या तोंडून वदवत होता.

"ठाऊक आहे मला कुणाची."

पाळी त्याच्या धाकट्या भावाची होती. भाऊ पाणबुड्या. आठही पिंजऱ्यांच्या बुडाशी जाऊन दोर बघणारा, मेलेले मासे वर काढणारा. त्याचं जाळं पार बुजलं होतं, मासे वर येऊन तोंडं वासत होते. आणखी चार दिवस जाळं नाही दिलं तर नुसत्या कोंडमाऱ्यानं मरतील, आणि का दिलं नाही म्हणून अख्खी खाडी विचारेल. नऊ दिवस वाळतंय, एरवी तर सहात देतेस. मग काय सांगणार? मुकादम हे सगळं हळू आवाजात सांगत होता, समजूत घातल्यासारखं. भावाचं नुकसान मला नको आहे का, म्हणाला. आपण बडवून धुतलंय, अंडी राहिली असतील कशावरून, म्हणाला. माझंच घर बुडवायला निघालीस का, असंही म्हणाला. असली माणसं एका वाक्यात हात जोडतात नि पुढच्या वाक्यात त्याच हातानं गळा धरतात.

तेवढ्यात धाकटी आली. थोरलीची जाऊ, पाणबुड्याची बायको. कमरेला चाऱ्याची रिकामी पिशवी खोचलेली, मनगटापर्यंत माशांच्या खवल्यांची चमक. आल्या आल्या तिनं दिराला बघून पदर सावरला नि थोरलीला म्हणाली, की तुमचे भावजी सकाळपासून होडीत बसून आहेत, चार माणसं गोळा केलीत, मला विचारायला पाठवलंय. मुकादम उठून शेळी बांधायला गेला. शेळी बांधलेलीच होती.

धाकटीनं जाळ्यावरून हात फिरवला. तिला गाठ चावता येत नव्हती, तिनं कधी प्रयत्नही केला नव्हता. ते काम थोरलीचं.

"जाऊबाई, वाळलं ना?"

थोरलीच्या जिभेवर अजून खारट होतं.

"वाळलं," ती म्हणाली.

---

चार दिवसांनी व्यापारी आला. पांढरे बूट घालून होडीत उभा राहिला, मुकादमाच्या पिंजऱ्यातले चार मासे वर काढायला लावले, उलटेपालटे केले, कल्ले उघडून बघितले. मासा आरशासारखा होता. अंगावर ओरखडा नाही, डोळा लख्ख. असा माल सगळ्यांनी काढावा म्हणाला. दोन दिवसांत पिंजरा रिकामा करून बर्फात घालून घेऊन गेला. मुकादमानं धक्क्यावर सगळ्यांना चहा पाजला. थोरली चहाला गेली नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला.

आणखी आठवडाभरानं धाकटीचे मासे उड्या मारायला लागले.

आधी लोकांना गंमत वाटली. तीन नंबरचा पिंजरा बर्फवाल्याचा होता. बर्फाचा कारखाना चालवणारा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, तुझे मासे माजावर आलेत गं, लग्न लावून दे त्यांची. धाकटी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं जाळीच्या पळीनं एक मासा वर काढला. त्याच्या कुशीवर तळहाताएवढी कातडी सोललेली होती. त्यानं जाळ्यावर स्वतःला किसून घेतलं होतं. मग ती हसली नाही.

पाणबुड्या खाली गेला. वर येऊन होडीच्या काठाला धरून बराच वेळ दम खात राहिला. बुडाशी चाळीसेक मेलेत, म्हणाला. जिवंत आहेत ते जाळ्याला अंग चोळतायत, एकामागून एक, रांग लावल्यासारखे. माझ्या अंगालाही चोळत होते.

धक्क्यावर त्यांनी लगेच सांगितलं. काही लपवलं नाही. कशाला लपवतील? नियम होता, आणि नियम करणारा सख्खा भाऊ होता.

माशांची पिल्लं जिथून विकत आणली होती त्या बीज केंद्राचा सल्लागार आला. तो धक्क्यावरूनच बोलला. होडीत बसला की त्याला मळमळायचं. त्यानं विचारलं, जाळं कधी बदललं? धाकटीनं सांगितलं, तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत, चांगलं वाळवून लावलंय. मग जाळ्याचा प्रश्न नाही, तो म्हणाला. चारा जास्त पडतोय, पाणी खराब झालंय. गोड्या पाण्याची अंघोळ घाला. एवढं सांगून त्यानं कागदावर काहीतरी खरडलं नि निघून गेला. चिकट्या काही आभाळातून पडल्या नव्हत्या. खाडीत मुळात पिल्लांच्या अंगावरूनच आल्या असणार, त्याच्याच केंद्रातून. पण ते विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्याला सांगायची गरज वाटली नाही.

थोरली मागे उभी होती. जाळ्याचा प्रश्न नाही हे तिनं ऐकलं. तिच्या एका शब्दावर त्या माणसानं जाळं सोडून दिलं होतं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अंघोळ घालून त्याच जाळ्यात सोडतील. आठ दिवसांत पुन्हा होईल."

"तू काय डॉक्टर झालीस?"

"आपले का बरे झाले? अंघोळ घातली आणि लगेच जाळं बदललं म्हणून. त्यांना कुणी सांगायला हवं."

"मग सांग जा," मुकादम जेवता जेवता म्हणाला. "सांग, की मीच ओलं दिलं. वाळलं तू म्हणालीस. मी नाही म्हणालो."

हे मात्र खरं होतं. त्यानं वाळलं म्हण म्हटलं होतं, स्वतः वाळलं असं एकदाही म्हटलं नव्हतं. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यानं तो शब्द तिच्याकडून का मागून घेतला. ती ताटावरून उठली. उठली, पण गेली नाही. ही गोष्ट तिच्या बाजूनं सांगायची म्हटली तरी इथं तिची बाजू घेता येत नाही.

पहिली अंघोळ पाच दिवस चालली. धाकटी नि पाणबुड्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत हौदात मासे बुडवत होते. गोडं पाणी बर्फवाल्यानं फुकट दिलं. बोलायला कडू, पण टाकीवर टाकी पाठवली. थोरलीसुद्धा हात लावायला गेली. धाकटीनं तिला हौदाचा तळ दाखवला. बघा जाऊबाई, केवढा भुसा निघाला, मेल्या सगळ्या. चेहरा उजळला होता पोरीचा. थोरलीनं बघितलं. जाळ्याच्या गाठी पाण्याखाली काळ्या दिसत होत्या. तिनं तोंड उघडलं, आणि बाई गं, जरा विसावा घे, एवढंच म्हणाली.

तीन दिवस मासे शांत राहिले. खायला लागले. चौथ्या दिवशी एकानं उडी मारली.

दुसरी अंघोळ घातली तेव्हा मासे अर्धे उरले होते. हौदात हाताळून हाताळून जे मेले ते वेगळेच. आता लोकांच्या बोलण्याची चव बदलली. धाकटी चारा ओतते, हात आखडत नाही, कुणी म्हणालं. मेलेले वेळेवर काढत नाहीत. ती माहेरून शेतातली, तिला पाण्यातलं काय कळतं. धक्क्यावरच्या बैठकीत स्वतः मुकादम बोलला. माझा भाऊ असला तरी मी तोंड बघून बोलणार नाही, निष्काळजीपणाला माफी नाही, दुसऱ्यांच्या पिंजऱ्यांना धोका आहे. सगळ्यांना वाटलं काय सरळ माणूस. पाणबुड्या खाली मान घालून ऐकत होता. तो दिवसातून सहा सहा वेळा बुडी मारत होता, सर्दी असताना. त्या आठवड्यात त्याचा डावा कान फुटला. उजव्यातून आधीच कमी यायचं. आता त्याला समोरचं बोलणं पुरं ऐकू येईना. तो लोकांच्या तोंडांकडे बघत राहायचा, आणि कुणी हसलं की आपणही हसायचा.

धाकटीनं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. थोरलीकडे येऊन फक्त एवढं म्हणाली, की माझं काहीतरी चुकतंय जाऊबाई, काय ते कळत नाही. तुम्ही बघा ना येऊन. तुमचे कसे आरशासारखे झाले होते.

---

ऊन मग पडलं. पडलं तेही असं की परड्यातली माती तडकली. धाकटीच्या पिंजऱ्यातून आधी निघालेलं जुनं जाळं, चिकट्या लागायच्या आधीचं, थोरलीनं धुऊन बांबूंवर टाकलं होतं. सहा दिवसांत त्याच्या गाठी खडखडीत झाल्या. मुकादमानं आपल्या पिंजऱ्यात नवी पिल्लं सोडली होती, म्हणून खाडीत कोरडं जाळं ते एकच. पाळी बर्फवाल्याची.

सकाळी नऊच्या सुमारास चार माणसं घेऊन तो आला. मागून मुकादम. वाटेवरून धाकटी नि पाणबुड्या मेलेल्या माशांच्या दोन टोपल्या घेऊन खड्ड्याकडे चालले होते. तेही परड्याच्या कुंपणाशी थांबले. हे जाळं एकदा बर्फवाल्याकडे गेलं की त्याचं काढलेलं धुऊन वाळायला आणखी आठ दिवस. आठ दिवसांत धाकटीच्या पिंजऱ्यात वाळवायलासुद्धा मासा उरला नसता. हे थोरलीला ठाऊक होतं. आणखी एकाला ठाऊक होतं. तो तिच्याकडे बघत होता.

"चावा वहिनी," बर्फवाला म्हणाला. "दात शाबूत आहेत ना? नाही तर माझे देतो, नवे बसवलेत."

माणसं हसली. थोरलीनं जाळं बांबूंवरून ओढून खाली पाडलं. माणसांना वाटलं घडी करायला पाडतेय, ती मदतीला वाकली. थोरली त्या ढिगावर जाऊन बसली. दोन्ही पाय पसरून, हात मागे टेकून. जशी बाई परड्यात लसूण सोलायला बसते.

"हे तुम्हाला मिळणार नाही," ती म्हणाली. "हे धाकटीच्या पिंजऱ्याला जायचंय. आजच."

बर्फवाल्यानं पाळी माझी आहे म्हणून सांगितलं. त्याला आधी थट्टाच वाटली. त्यांचं जाळं जेमतेम महिन्याचं, माझ्या जाळ्यावर शिंपल्यांचा बाजार भरलाय, असंही म्हणाला. मुकादम पुढे झाला, तिचा दंड धरला आणि ऊठ म्हणाला. लोकांकडे बघून हसला. हिला दोन दिवस ताप आहे, काहीही बडबडते.

"त्यांच्या जाळ्यात अंडी आहेत," थोरली म्हणाली. दंड सोडवून घ्यायची खटपटही तिनं केली नाही. "पहिल्यापासून आहेत. ते जाळं आमच्या पिंजऱ्यातलं. आमच्या माशांना चिकट्या होत्या. आम्ही चोरून अंघोळ घातली. जाळं ओलं होतं. मी वाळलं म्हणून दिलं."

वाकलेली माणसं सरळ झाली. मुकादमाचा हात तिच्या दंडावर होता तो त्याला आता काढावा की ठेवावा कळेना. शेवटी त्यानं काढला.

धाकटीनं टोपली खाली ठेवली. कुंपणाच्या फटीतून आत आली. थोरलीला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"दिलं तेव्हापासून."

"आणि पहिली अंघोळ घातली तेव्हा? तुम्ही हौदापाशी होता."

"तेव्हाही."

"दुसऱ्या वेळी?"

थोरलीनं मान डोलावली.

पाणबुड्या मघापासून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. टोपली अजून त्याच्या डोक्यावर होती, तिच्यातून पाणी त्याच्या खांद्यावर ठिबकत होतं. काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं होतं.

"काय म्हणते वहिनी?" त्यानं बायकोला विचारलं.

धाकटी त्याच्याजवळ गेली. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. हळू सांगून त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिला ते सगळं ओरडून सांगावं लागलं. तुमच्या दादानं आपल्याला सडकं जाळं दिलं. ठाऊक असून दिलं. वहिनींनी वाळलं म्हणून सांगितलं. आपण अंघोळ घालत होतो तेव्हा त्या बघत होत्या. प्रत्येक वाक्य तिला दोनदा ओरडावं लागलं. शेजारच्या घरांतली माणसं बाहेर आली. थोरली जाळ्यावर बसून आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकत राहिली.

पाणबुड्यानं टोपली उतरवली. भावाकडे बघितलं. मग म्हणाला, "दादा, असं नाही." एवढंच. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. तो फार मोठ्यानं बोलला.

बर्फवाल्यानं तोंडातलं पान थुंकलं, आपल्या माणसांना बोट केलं. "उचला. यांच्या पाच नंबरला लावा. पाण्याची टाकी मी पाठवतो. आणि सगळ्यांनी आपापले मासे वर काढून बघा, आज, आत्ता." थोरली उठली. चौघांनी जाळं खांद्यावर घेतलं, ती वाट देऊन कडेला उभी राहिली.

---

त्या आठवड्यात सगळ्या पिंजऱ्यांतले मासे गोड्या पाण्यात बुडवून बघितले. दोन पिंजऱ्यांत थोड्या चिकट्या निघाल्या, नुकत्या लागलेल्या. बाकीचे वाचले. नऊ जाळ्यांची पाळी मोडली. ज्याचं त्यानं आपलं दुसरं जाळं घ्यावं असं ठरलं, आणि कारभार बर्फवाल्याकडे गेला. थोरलीच्या परड्यातले बांबू कुणी नेले नाहीत, पण त्यांच्यावर पुन्हा काही पडलं नाही. नवरा तिच्याशी बोलेनासा झाला. तो आता ओट्यावर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की खाडी वाचली ती मी नियम केला म्हणून. काही लोक मान डोलावतात. अशा माणसांचं ऐकून घेणारं कुणीतरी नेहमी असतंच.

धाकटीच्या पिंजऱ्यात चौथा हिस्सा मासे उरले. अंघोळ आणि कोरडं जाळं एका दिवशी झालं तशा चिकट्या गेल्या, कातडी भरून आली. पण डोळे गेले ते गेले. बहुतेकांच्या डोळ्यांत पांढरी कवडी. व्यापारी आला, एक मासा बघितला नि पाण्यात परत फेकला. आंधळा मासा गिऱ्हाईक घेत नाही म्हणाला. वजनात भरला तर चाऱ्याच्या कारखान्यात दळायला जाईल, तोही वाढला तर. पाण्यानं भेगा पडलेल्या बोटांनी धाकटीनं पुन्हा चाऱ्याची पिशवी उचलली. हे टाकून द्यावं, तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आंधळ्या माशाला चारा घालणं हे दोन माणसांचं काम आहे. चारा पडताना त्याला दिसत नाही, तो बुडाशी जाऊन वाया जातो. एकानं पाण्यावर थापा मारायच्या, तो आवाज अंगानं ओळखून मासे वर येतात, मग दुसऱ्यानं मूठ मूठ टाकायचं. पाणबुड्याला आता होडीत तोल राहत नव्हता, फुटक्या कानानं चक्कर यायची. धाकटीनं चार घरी विचारलं. आपापल्या पिंजऱ्यातून कुणाला सवड नव्हती.

एके दिवशी दुपार कलताना ती परड्याच्या कुंपणाशी आली. आत आली नाही.

"रिकाम्या आहात ना," ती म्हणाली. जाऊबाई म्हणाली नाही. "चला. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून आलेय. दुसरं काही समजू नका."

थोरलीनं दुसरं काही समजलं नाही. पायात काही न घालता तशीच निघाली. होडीत दोघी दोन टोकांना बसल्या. धाकटीनं वल्ही मारली, थोरलीनं हात पुढे केला तर तो बघितला नाही. वारा पडला होता. पाणी शिशासारखं जड आणि गप्प. पिंजऱ्याच्या कड्याला होडी बांधली. आत बघितलं तर काहीच हलत नव्हतं, खाली खोल कुठंतरी राखाडी सावल्या जाळ्याच्या कडेनं एकाच दिशेनं फिरत होत्या.

थोरली वाकली नि तळहातानं पाण्यावर थाप मारली. आणखी एक मारली. तिसरी मारताना तिला रडू आलं, आणि हात ढिला पडला.

सावल्या वर आल्या नाहीत.

धाकटी मूठ भरून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"जोरात मारा," ती म्हणाली. "त्यांना दिसत नाही."